मुक्कामी गाडी वेशीबाहेरच बरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत स्पेनमधल्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, सहलीवर लेख आला होता. लेख वाचायला छान आहे, पण त्यातली एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. मोटरहोम घेतली की मन रमेल तिथे मुक्काम ठोकायचा, अशा अर्थाचं काहीतरी त्यात आहे. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो आणि त्यातली निम्मी तरी मुक्कामी गाडीवर गेली. मागच्या ऑक्टोबरात लेक-जावयांबरोबर त्याच स्पेनमध्ये, लेखातल्याच मोरेल्या नावाच्या गावी, अशाच गाडीतून जाऊन दोन रात्री राहून आलो. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहायचा मला हक्क आहे असं समजतो. चाराच्या चाळीस होतील. कात्री आपल्या हातात आहेच.

शहरातल्या वाचकांसाठी आधी मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगतो. संध्याकाळी सुटलेली शेवटची एसटी रात्री आठ-नऊला वाडीवर पोचते, तिथेच थांबते आणि पहाटे दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि बाजाराच्या बायका घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, नाहीतर देवळात. थंडीच्या दिवसांत खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायच्या. त्यात आपलंही असायचं, राग नसावा. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूला अशा किती रात्री काढल्या त्याचा हिशोब नाही. गावं मायाळू होती. कुणाकडून तरी पिठलं-भाकरी यायची, सुगीत गुऱ्हाळावरचा गूळ यायचा. पण पहाटे माणसाला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि आडोसा. त्या कुठे आहेत हे रात्रीच बघून ठेवायचं, हे मला माझ्या पहिल्या कंडक्टरने शिकवलं. गाडी काय, कुठेही उभी राहते.

तर स्पेन. जावईबापू व्हॅलेन्सियात नोकरीला आहेत. त्यांनी चार दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतली. लांबी सात मीटर, उंची जवळजवळ तीन, चेसिस फियाट ड्युकाटोची. आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, बेसिन, संडास. वजन साडेतीन टनांच्या आत, म्हणून साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालते. बॅज-बिल्ला काही लागत नाही, हे माझ्या मनाला जरा लागलंच. भाड्याच्या कागदावर ड्रायव्हर म्हणून फक्त जावयांचं नाव, त्यामुळे स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. मी शेजारी बसलो, म्हणजे उजवीकडे. सगळा जन्म गाडीत उजव्या बाजूला बसण्यात गेला आणि आता त्याच बाजूला बसलोय तर समोर स्टिअरिंग नाही! प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक शोधायचा. मागून आमची सौ. म्हणाली, “अहो, पाय आवरा, गाडी तुमची नाही.”

व्हॅलेन्सियाहून समुद्राच्या कडेने उत्तरेला जायचं. तिथल्या मोठ्या हमरस्त्याचा टोल २०२० पासून बंद झालाय. व्हिनारोसजवळ समुद्र सोडून एन-२३२ या रस्त्याने आत वळलो. सुरुवातीला ऑलिव्हच्या बागा लागतात. ला जाना गावाच्या आसपासची काही झाडं हजार वर्षांची मानतात. बुंधे बघितले तर पटतं. आपल्या जुन्या चिंचेसारखे, पण पिळून वाळत घातलेल्या धुण्यासारखे पिळवटलेले. मग डोंगर सुरू होतात. मोरेल्याच्या अलीकडे वीस-बावीस किलोमीटरवर रस्त्यालाच वाल्यिवानाचं देवस्थान आहे. १६७२ साली मोरेल्यात साथ पसरली तेव्हा गावकऱ्यांनी इथली मेरीमातेची मूर्ती चालत गावात नेली. साथ ओसरली. १६७३ मध्ये गावाने नवस बोलला, की दर सहा वर्षांनी देवीला गावात आणून नऊ दिवस उत्सव करू. तो नवस अजून फेडतात. अलीकडचा उत्सव २०२४ मध्ये झाला, आता २०३० मध्ये. त्या दिवसांत गल्ल्या चुण्या घातलेल्या रंगीत कागदांनी मढवतात म्हणे. सौ.ने गाडी थांबवायला लावली आणि बाहेरूनच हात जोडले. “पालखीच की ही,” एवढंच बोलली.

पुढे पोर्ट दे केरोल हा घाट. हजार मीटरच्या वर जातो. करूळ किंवा आंबा घाट उतरलेल्या माणसाला त्याचं काही वाटायचं कारण नाही. पण जावई उताराला पाचव्या गिअरमध्ये आणि पाय ब्रेकवर. मी गप्प बसलो. दोन वळणं गप्प बसलो. तिसऱ्याला म्हटलं, “जावईबापू, ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं.” त्यांनी ऐकलं, तिसरा टाकला, इंजिनने गाडी धरली. ब्रेकचा वास थांबला. लेकीने आरशातून माझ्याकडे बघून हसू दाबलं.

आणि मग एका वळणावर मोरेल्या दिसतं. पन्हाळा खालून पठारासारखा आडवा दिसतो. हे गाव उभं आहे, देवळाच्या शिखरासारखं. खाली दोन किलोमीटरच्या वर लांबीचा तट सगळीकडून वेढा घालून बसलेला, त्याच्या आत डोंगराला चिकटलेल्या घरांच्या माळा, त्यांच्या वर उघडा कातळ आणि कातळावर किल्ला. उंची हजार मीटरच्या आसपास. रस्त्याच्या कडेला चौदाव्या शतकातल्या जलसेतूच्या कमानी उभ्या आहेत, डोंगरातलं पाणी गावात आणायला बांधलेल्या. नातवाने विचारलं, “आजोबा, हा पूल कुठे जातो?” म्हटलं, “पाणी जायचं बाबा यावरून, माणसं नाही.”

इथे आमची फजिती झाली, आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

लेकीने आधीच वाचून ठेवलं होतं की मोटरहोमसाठी गावाबाहेर जागा आहे. पण जावयांच्या मनात आलं, आधी वरपर्यंत जाऊन बघू, वेशीजवळ जागा मिळाली तर एक चढ वाचेल, सासूबाईंचे गुडघे दुखतात. माझ्या बायकोच्या गुडघ्यांची काळजी केली म्हणून मीही हो म्हणालो. फोनमधली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणत राहिली आणि आम्ही तटाला लागून जाणाऱ्या एका चढाच्या बोळात शिरलो. एका बाजूला दगडी तट, दुसऱ्या बाजूला घरांची जोती, पुढे काटकोनातलं वळण. मोटार वळली असती. सात मीटरची गाडी वळत नव्हती. मागे पावाची एक व्हॅन येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, हे त्याचे उपकार.

मी उतरलो. पावाच्या व्हॅनला हातानेच मागे जायला सांगितलं. ही भाषा जगभर एकच. मग आमच्या गाडीच्या मागे उभा राहिलो आणि पत्र्यावर थापा मारत सुरू केलं, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे तोडा, येऊ द्या...” एसटीच्या सवयीने मी उभा राहिलो उजव्या अंगाला, ड्रायव्हर साइडला. पण त्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो. मी जिथे उभा होतो ती क्लीनर साइड होती. जावयांना मी आरशात दिसतच नव्हतो, आवाजावर ते गाडी मागे घेत होते. आणि मला मागचा डावा कोपरा दिसत नव्हता. या गाड्यांचं शेपूट चाकाच्या मागे फार लांब असतं, वळताना ते बाहेर फिरतं. एसटीचंही फिरतं, मला काय ते नवीन आहे? तरीही तिथल्या एका बुटक्या दगडी खांबाला कोपरा घासला. आवाज आला, विळा कानशीवर घासावा तसा. मी ओरडलो, “बस्स्!” तोवर वीतभर ओरखडा पडला होता.

चूक माझी होती. जावई बिचारे काही बोलले नाहीत, अनामत रकमेतून पैसे कापले गेले ते त्यांनी मला सांगितलंही नाही, लेकीकडून कळलं. ३१ वर्षांत माझ्या गाडीला रिव्हर्समध्ये ओरखडा नव्हता.

समोरच्या घरातली एक म्हातारी बाई आवाज ऐकून बाहेर आली होती. तिच्या दाराची पायरी आणि आमच्या गाडीचा पत्रा यांत हातभर अंतर असेल. ती चिडली नाही. तिने खांबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, एप्रनला हात पुसले आणि खाली दूर बोट दाखवून काहीतरी म्हणाली. तिथली बोली वालेन्सियानो, मला काय कळणार. पण तो स्वर ओळखीचा होता. दिवसाला अशा दोन-तीन गाड्या तिच्या दारात येऊन अडकत असणार. त्या खांबाकडे नीट बघितलं तेव्हा दिसलं, त्याच्यावर पांढऱ्या, निळ्या, करड्या रंगांचे थर होते. आमचा ओरखडा पहिला नव्हता.

मग आम्ही जिथे आधीच जायला हवं होतं तिथे गेलो. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, त्याच एन-२३२ लगत सपाट केलेली मोकळी जागा. मोटरहोम ओळीने उभ्या राहतील एवढीच. भाडं आमच्याकडून कुणी घेतलं नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, आणि सांडपाणी टाकायची सोय आहे. एवढंच. ना कमान, ना लोकप्रतिनिधींच्या फोटोंचा फलक. पण गाडीच्या दारातून समोर जे दिसतं त्याला तोड नाही: पुढ्यात दरी, पलीकडे अख्खं गाव तटासकट, आणि रात्री तटावर पिवळे दिवे. ते गाव आम्हाला गावात राहून दिसलं नसतं.

त्या सांडपाण्याच्या सोयीबद्दल लेखात एक अक्षर नाही, म्हणून मी लिहितो. संकोच वाटला तर छापू नका. मोटरहोममध्ये तीन पाणी असतात. एक स्वच्छ, टाकीत भरलेलं, शंभरेक लिटर. दुसरं बेसिन-मोरीचं, ते गाडीच्या पोटाखालच्या टाकीत साठतं; गाडी जाळीवर नेऊन तोटी सोडायची. तिसरं संडासचं. ते वीसेक लिटरच्या एका डब्यात जमतं. डबा गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायचा, चाकांवर बॅगेसारखा नेऊन ठरलेल्या तोंडात ओतायचा, विसळायचा, औषध टाकून परत बसवायचा. डबा विसळायचा नळ वेगळा, पिण्याचा वेगळा. दोन्हींच्या मध्ये अंतर ठेवलेलं. पहिल्या सकाळी जावई त्या डब्याकडे असे बघत उभे होते की मला दया आली. म्हटलं, “सरा.” पंढरपूरच्या यात्रेची ड्युटी केलेल्या माणसाला डब्याची काय शरम. पाच मिनिटांचं काम. आता विचार करा, ज्याने मन रमलं तिथे, म्हणजे त्या म्हातारीच्या दारापुढे मुक्काम ठोकला, तो हा डबा कुठे ओतणार? गटारीत? का तटाखालच्या झाडीत?

तिथे नियमही आहे आणि तो डोक्यात बसायला सोपा आहे. रस्त्यालगत जिथे गाड्या लावायला परवानगी आहे तिथे मोटरहोमही लावता येते, आत माणूस झोपला तरी हरकत नाही. पण ती लावलेली गाडीच राहिली पाहिजे. छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या, पाणी सांडलं की ते कॅम्पिंग झालं, आणि कॅम्पिंग ठरलेल्या जागीच. शिवाय गावागावाचे आपापले नियम वेगळे. समुद्रकिनाऱ्यावर तर १९८८ च्या किनारा कायद्याने गाडी लावायला आणि तंबू ठोकायला बंदीच आहे. लेख वाचून कुणी आपला माणूस वाळूवर मोटरहोम घेऊन गेला तर दंडाची पावती मराठीत नसेल.

गावात आम्ही दोन्ही दिवस चालत गेलो. सौ.च्या गुडघ्यांनी तीन ठिकाणी बैठक घेतली आणि पोचले. सांत मिकेलच्या दरवाजाला दोन अष्टकोनी बुरूज आहेत, चौदाव्या शतकातले. त्यातून आत गेलं की चढ, पायऱ्या, पुन्हा चढ. आतल्या बोळांत मोटारीच दबकत चालतात. मुख्य रस्त्याला कमानींचा ओसरा आहे, त्याच्या सावलीत दुकानं. मला सगळ्यात बरं वाटलं ते हे की लोक तिथे राहतात. गाव लहान, दोन-अडीच हजार वस्तीचं, पण वाळत घातलेले कपडे होते, शाळेची पोरं होती, एक बाप्या शिडीवर चढून पन्हळ दुरुस्त करत होता.

पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी चादरी इथल्या प्रसिद्ध. लाल, हिरवा, पिवळा, काळा, असे ठसठशीत पट्टे. मधल्या युगात इथली लोकर समुद्रापार इटलीपर्यंत जायची. सौ.ने एक चादर दोन बोटांत धरून चोळून बघितली, किंमत विचारली, आणि आपली सोलापूरची बरी म्हणून खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी जाऊन तीच घेऊन आली. त्या दोन रात्री डोंगरावरचा वारा असा होता की ती चादर लगेच कामाला आली.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही शाकाहारी नाही, तरी सौ.चा त्या दिवशी गुरुवार होता. बेकरीत तिला ‘फ्लाओ’ मिळाला. अर्ध्या चंद्राच्या आकाराचा, आत गोडसर दह्याच्या चक्क्यासारखं ताजं चीज आणि बदाम, वर साखर आणि दालचिनी. तिने हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाली, “ही करंजी आहे. कातणीने कातली नाही एवढंच.” बेकरीवालीला ती आमच्या भाषेत सांगत राहिली की पारीत थोडं मोहन जास्त घाल. बेकरीवाली हसून मान हलवत राहिली आणि आणखी दोन कागदात बांधून दिले.

पण मला जे गाठोड्यात बांधून आणावंसं वाटलं ते एका घराच्या भिंतीवर होतं. गल्लीत भिंतीतल्या टाइलवर एक मजकूर लिहिलेला, लेकीने वाचून सांगितला. १४१४ साली व्हिसेंत फेरर नावाचे संत मोरेल्याला आले होते. त्या वर्षी पोप तेरावा बेनेडिक्ट आणि अरागोनचा राजा पहिला फर्नांडो यांची इथे भेट झाली होती, पोपपदाचं भांडण मिटवायला. हे संत त्या घरी जेवायला आले. घरात त्यांना घालण्यासारखं काही नाही. त्या घरच्या भ्रमिष्ट आईने आपल्या मुलालाच कापून शिजवलं. संतांनी ताटातल्या त्या मुलाला जिवंत केलं.

मी आणि सौ. एकमेकांकडे बघतच राहिलो. तिच्या तोंडून एकच शब्द आला, “चिलया!” श्रीयाळ-चांगुणेची गोष्ट आमच्याकडे जात्यावर म्हणतात. दाराशी आलेला अतिथी, म्हणजे साक्षात महादेव, पोटचं पोर शिजवून मागतो. चांगुणा ते उखळात कांडते, ताट वाढते. मग तो म्हणतो निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, बाळाला हाक मार. आणि चिलया बाहेरून धावत येतो. सौ.ची आई ती ओवी म्हणताना रडायची. आता स्पेनच्या डोंगरावर तीच गोष्ट, सहाशे वर्षांपूर्वीच्या तारखेसकट, भिंतीवर. तिथे एक बारकावा जास्तीचा सांगतात: मुलगा उठला पण करंगळी नव्हती, कारण आईने मीठ बरोबर आहे का बघायला ती चाखली होती. सौ. म्हणाली, “हे मात्र बाईनेच रचलेलं असणार. मीठ बघितल्याशिवाय पाहुण्याला कोण वाढतं?” अशी गोष्ट तिकडे कशी पोचली किंवा इकडे कशी आली, ते जाणकारांनी सांगावं. मी ड्रायव्हर माणूस.

सांता मारियाच्या चर्चमध्ये गायकांची जागा मजल्यावर उचलून बांधलीय आणि तिकडे चढणारा जिना एका खांबाला वेटोळा घालून जातो, कडेने कोरीव मूर्ती. नातवाने तो नागोबा म्हणून ठरवला. त्याला खरा रस डायनोसॉरमध्ये होता. या भागात त्यांची हाडं भरपूर सापडतात, २०२३ मध्ये एका नव्या जातीला तर गावाचंच नाव जोडलंय. किल्ल्यावर मात्र मी त्याला ओढत नेलं. १८३८ च्या जानेवारीत राजगादीच्या भांडणातल्या कार्लिस्ट पक्षाच्या लोकांनी रात्री शिड्या लावून हा किल्ला घेतला. त्यांचा सेनापती रामोन काब्रेरा याने तो दोन वर्षं धरून ठेवला, १८४० मध्ये सरकारी सेनापती एस्पार्तेरोच्या तोफांपुढे गेला. मी नातवाला सांगितलं, आपल्या कोंडाजी फर्जंदांनी साठ गडी घेऊन पन्हाळा असाच रात्रीत घेतला, १६७३ च्या मार्चमध्ये. म्हणजे मोरेल्याचे लोक देवीला नवस बोलत होते त्याच साली. नातू म्हणाला, “मग त्यांनी मोटरहोम कुठे लावली?” कुणाची, कोंडाजींची? पोरं काहीही विचारतात. पण बघा, खालून वर चालत यायचं आणि गाडी-घोडा पायथ्याला ठेवायचा, हे गडाला ठाऊकच असतं. विसरलोय आपण.

संध्याकाळी परत आलो तेव्हा शेजारी एक सारागोसाकडचं जोडपं येऊन लागलं होतं. नवरा निवृत्त ट्रकवाला. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा शून्य. मी हाताने मोठं स्टिअरिंग दाखवलं, बोटांनी ३१. त्याने ३८ दाखवली. मी नमस्कार केला. मग त्याने आमचा ओरखडा बघितला, त्यावरून बोट फिरवलं आणि वर गावाकडे बोट करून भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्याने स्वतःच्या गाडीचा उजवा कोपरा दाखवला. तिथेही होता. तिथून पुढे काही बोलायची गरज नव्हती. त्याच्या बायकोने जंगलातून आणलेल्या नारिंगी अळंब्या लसणीवर परतल्या होत्या, त्या बशीभर आल्या. आमच्याकडून शेंगदाण्याची चटणी गेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण बशी पुसून परत आली.

आता मुद्द्याचं. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या येतील, येतायत. २०२५ मध्ये पन्हाळा, रायगड, राजगड धरून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, म्हणजे बघणारे वाढणार. त्यात पन्हाळ्यासारखा गड म्हणजे नुसते बुरूज नाहीत, तिथे घरं आहेत, चुली पेटतात, मोरेल्यासारख्याच. माझं सांगणं एवढंच आहे की अशा गडांच्या पायथ्याला आधी सपाट जागा, पिण्याचा नळ आणि सांडपाण्याचं तोंड करा, मग गाड्यांचे फोटो छापा. मोरेल्यात जे आहे ते करायला फार पैसा लागलेला दिसत नाही. एक जाळी, एक खड्डा नीट गटाराला जोडलेला, दोन नळ, आणि आधी वाचता येईल अशी पाटी. पाटी वेशीपाशी नको, मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर हवी. वेशीपाशी पोचलेल्या गाडीला पाटीचा काय उपयोग, तिला रिव्हर्सच मारावा लागतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

आणि वर चालत यावं लागलं तर पाहुणा रागावतो असं समजू नका. गाडीत बसून आलेला माणूस बुरुजाशी उतरतो, फोटो काढतो, निघतो. आम्ही चढून दमलो म्हणून बाकावर बसलो, बसलो म्हणून चहा-कॉफी झाली, बेकरी दिसली, चादर दिसली, ती भिंत दिसली. दोन दिवसांत आमचे जे काही युरो त्या गावात पडले ते सगळे सौ.च्या गुडघ्यांमुळे. ज्यांना चढवतच नाही, त्या म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठी लहान गाडी वर सोडावी, ती सोय हवीच. मी त्याविरुद्ध नाही.

निघायच्या सकाळी मी उठलो तेव्हा पाच वाजले होते. सवय. बाहेर आलो, सगळ्या गाड्यांचे पडदे ओढलेले, दरीत धुकं आणि वर तट काळा. टाकी भरली, तोटी सोडली, डबा विसळला. चाकाखालची पाचर काढली. सगळे उठल्यावर जावई स्टिअरिंगवर बसले आणि मला म्हणाले, “बाबा, मागे बघता का?” मी गाडीच्या मागे गेलो आणि या वेळी डाव्या अंगाला उभा राहिलो. पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर

ता. क. : लेखाबरोबर मोरेल्या म्हणून जो फोटो छापलाय, त्यातली घरं तांबूस-गुलाबी गिलाव्याची आहेत. ते गाव अल्बारासीन दिसतंय, तेरुएल प्रांतातलं. लेक तिथे जाऊन आलीय, तिनेही तेच सांगितलं. मोरेल्याचा फोटो हवा असेल तर नातवाने काढलेला आहे, कोपऱ्यात आमच्या गाडीचा ओरखडाही दिसतो. पाठवू का ते कळवावे.